दारात बग्गी

ट्वायला कटलिपला बसता यायचं नाही. पाठ, गुडघे, सगळं ठणठणीत होतं, पण बूड खुर्चीला टेकलं की कुठेतरी कुणाचं तरी काहीतरी अडलंय असं तिला वाटायला लागायचं. जेवता जेवता ती मीठ आणायला उठायची आणि मीठ टेबलावरच असायचं. चर्चमध्ये ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. पाद्र्याने प्रार्थना लांबवली की तिची टाच फरशीवर अशी वाजायची की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं ‘आमेन’ जरा लवकरच म्हणून टाकायची. स्टिलहाऊस खोऱ्यात तिच्या वयाच्या बायका गोधड्या शिवत, टीव्ही बघत, सुनांची उणीदुणी काढत. ट्वायलाच्या कमरेला रेडिओ असे आणि तिचा एक कान कायम त्या रेडिओत.

वेस्ट व्हर्जिनियातलं हे खोरं म्हणजे दोन डोंगर, मधून ओढा, आणि ओढ्याला कधी या अंगाने तर कधी त्या अंगाने बिलगून जाणारा एक सरकारी रस्ता. खाली चर्चपाशी तो ऐटीत असतो. मधोमध पिवळा पट्टा, कडेला फलक. चर्च सोडून वर वळलं की आधी पट्टा संपतो, मग डांबर संपतं, आणि शेवटी तो रस्ता आहे हे फक्त तिथे राहणाऱ्यांनाच माहीत असतं. शहरातली अँब्युलन्स चर्चपर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. आगीचा मोठा बंब एकदा हट्टाने वर निघाला होता, तो दुसऱ्या पुलावर असा फसला की त्याला ओढून काढायला खोऱ्यातले सगळे ट्रॅक्टर जुंपावे लागले. त्यानंतर गावच्या स्वयंसेवक पथकाने बग्गी घेतली. जाड टायरची, बुटकी, चिखलात न बुडणारी गाडी. पुढे दोन माणसं, मागच्या हौद्यात एक रोगी आडवा, त्याच्या उशाशी उलटं तोंड करून बसायला एक फळकुट, टपावर लाल दिवा. अशा गाड्या खरं तर जंगलात हरणं आणायला नेतात. ट्वायलाने तीत माणसं आणली.

सुरुवातीला शेरीफच्या एका नव्या शिपायाने तिला चर्चजवळ अडवलं होतं.

“असली गाडी रस्त्यावर चालवायची नसते, बाई. पिवळा पट्टा दिसतोय ना?”

“दिसतोय की. मागे कोण आडवं पडलंय, ते तुला दिसतंय का?”

मागे शिपायाचीच मावशी होती, गांधीलमाश्या चावून भोपळ्यासारखी सुजलेली. तेव्हापासून तो ट्वायलाला बघितलं की टोपीला हात लावायचा. तशी पथकाला मुभा होतीच. बोलावणं आलेलं असलं, दिवा लागलेला असला, की पट्ट्याच्या रस्त्यावरूनही बग्गी न्यायची. फक्त वेग ताशी पंचवीस मैलांच्या आत ठेवायचा. मुभेचा पहिला भाग ट्वायलाला तोंडपाठ होता. दुसरा तिने कधी ऐकलाच नव्हता. “मी हयातभर शाळेची बस हाकलीय,” ती म्हणायची, “मला कुणी गाडी शिकवू नये.” सुकाणू तिच्या हातात आणि रोग्याजवळ दुसरं कुणीतरी, अशीच वाटणी ठरलेली. आपल्याशिवाय कुणाला ही बग्गी धडपणे हाकता येते, यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

रूडीवर तर नव्हताच नव्हता. रूडी ओहायोतून निवृत्त होऊन इथे राहायला आलेला, लांबट चेहऱ्याचा, सभ्य माणूस. आयुष्यभर त्याने खिडक्यांच्या काचा वाहून नेल्या आणि बसवल्या, त्यामुळे मागे काहीही ठेवलं तरी ते काचच आहे असं समजून तो गाडी चालवायचा. प्रथमोपचाराची परीक्षा तो पास झाला होता, पथकाच्या बैठकांना सगळ्यांच्या आधी यायचा. पण ट्वायलाने त्याला रोगी असताना सुकाणूला हात लावू दिला नव्हता. “तुझ्या गाडीत पोटुशी बाई चढली तर उतरेपर्यंत पोर शाळेत जायला लागेल,” असं तिने त्याला भर बैठकीत सुनावलं होतं. रूडी हसला होता. त्याला राग येत नसे, आणि त्याचाच ट्वायलाला राग यायचा.

खोऱ्यातली माणसं आपत्कालीन नंबर फिरवत नसत. नंबरवरची मुलगी घराचा पत्ता विचारते, आणि घरांना सरकारने दिलेले आकडे कुणाला ठाऊक? माणसं सरळ ट्वायलाच्या घरी फोन करत. सगळ्यात वरच्या टोकाला राहणारी आयसी मावशी तर हवापाणी विचारल्यासारखी फोन करायची. ऐंशी ओलांडलेली, एकटी, कोंबड्या पाळून असलेली, जीभ कात्रीसारखी.

“ट्वायले, माझ्या गुडघ्यात कुणीतरी बोलतंय.”

“काय म्हणतंय?”

“म्हणतंय, ट्वायलाला बोलाव, ती येताना साखर आणेल.”

आणि ट्वायला जायची. साखर घेऊन, दिवा न लावता, पण जायचीच.

तिच्या घरात मात्र एक माणूस होता ज्याला ती सोडून जायची. डेन्झिल, तिचा नवरा. कोळशाच्या खाणीत त्याची उमर गेली आणि खाणीतला कोळसा त्याच्या छातीत येऊन राहिला. आता तो शेगडीजवळच्या खुर्चीत बसायचा, नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं घरघरणारं मशीन. नळी संडासापर्यंत पुरायची, ओसरीपर्यंत पुरायची नाही. बोलायला लागणारा श्वास मोजून वापरावा लागतो हे ठाऊक असूनही तो निम्मा श्वास थट्टेवर उधळायचा.

थंडीच्या तोंडाला एका संध्याकाळी मात्र त्याने थट्टा केली नाही. ट्वायला कुठूनतरी येऊन परत कुठेतरी निघाली होती.

“मला मरायची भीती नाही गं,” तो म्हणाला. “अंधाराची सवय आहे मला. पण त्या वेळी तू दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात असशील, आणि मी हाक मारली की हे मशीन तेवढं घुरघुर करेल. त्याची भीती वाटते.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“दुसरं काही मागत नाही. त्या वेळी इथे बस. नुसती बस.”

“बसेन,” ट्वायला म्हणाली. एक हात दाराच्या कडीवर होता तिचा.

तो शब्द तिच्या मनात कुसळासारखा टोचत राहिला. त्यानंतर ती जिथे जाई तिथून घरी फोन करी. “श्वास कसा आहे?” “आत जातोय, बाहेर येतोय.” फोन ठेवला की तिला वाटायचं, आता लगेच बिघडला तर? दुसऱ्याच्या मनगटावर नाडी बघताना डोळ्यांसमोर डेन्झिलची खुर्ची यायची, आणि खुर्चीसमोर बसलं की कमरेचा रेडिओ छातीवर ठेवल्यासारखा जड वाटायचा. ना इथे धड, ना तिथे धड. पथकाचा प्रमुख ओकी टेनी तिला म्हणाला, “ट्वायला, थोडं सोड आता. रूडीला शिकव.” तिने नाक मुरडलं.

फेब्रुवारीत गोठणारा पाऊस येणार अशी बातमी आली. असा पाऊस पडला की रस्त्यावर काचेचा थर चढतो आणि चालता माणूस आडवा होतो. पथकाची शेड खाली चर्चपाशी होती. वर कुणाला काही झालं तर बग्गी तिथून आणणार कोण? ओकी म्हणाला, “चाकांना साखळ्या लाव आणि आज घरी घेऊन जा.”

ट्वायला घुटमळली. कारण तिला खोऱ्याची रीत माहीत होती. बग्गी ज्या घरासमोर उभी दिसेल त्या घरात काहीतरी झालंय, असं धरून चालायचं. नुसती पुढून गेली तर बायका खिडकीतून बघत, कुठल्या वळणावर थांबते त्याचा अंदाज बांधत आणि त्या घरी न्यायला घेवडा भिजत घालत. फार वेळ उभी राहिली तर मग मयतच. मयताच्या घरी फोन करायचा नाही, हीसुद्धा रीतच. दुःखातल्या माणसाला घंटी वाजवून उठवायचं नसतं. भांडं झाकून घ्यायचं आणि चालत जायचं. म्हणून इतकी वर्षं ट्वायलाने बग्गी स्वतःच्या दारात कधी लावली नव्हती.

तिने ती घराच्या कडेला लावली आणि वरून ताडपत्री घट्ट बांधली.

डेन्झिल खिडकीतून बघत होता. “मला झाकण्याची तालीम चाललीय का?”

“गप रे.”

पहाटे वारा सुटला आणि ताडपत्री ओढ्यात गेली. ट्वायलाला कळलं तेव्हा उजाडलं होतं आणि दारात गार्नेट उभी होती. गार्नेट समोरची शेजारीण. घसरू नये म्हणून बुटांवर जुने पायमोजे चढवून ती बर्फावरून आली होती, अंगात काळा कोट, हातात अख्खी भाजलेली मांडी, डुकराची. तिने मांडी ट्वायलाच्या हातात दिली आणि रडायला लागली.

“कधी गेला गं?”

“कोण?”

आतून डेन्झिल म्हणाला, “अजून निघालो नाही, गार्नेट. पण मांडी परत नेऊ नकोस.”

गार्नेटने अशी किंकाळी फोडली की ट्वायलाच्या हातून मांडी सुटता सुटता राहिली. मग तिने आत येऊन डेन्झिलला आधी मिठी मारली आणि मग शिव्या दिल्या. तोवर मागून आणखी माणसं येत होती. घसरत, कुंपणाला धरत, भांडी छातीशी कवटाळून. चरबीत शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव, भरली अंडी, बटाटे, सफरचंदाचं सारण भरलेले दोन पाई. प्रत्येकाचा चेहरा दारात एका तऱ्हेचा आणि शेगडीपाशी पोचला की दुसऱ्या तऱ्हेचा. रूडी दुकानातून आणलेला केक घेऊन आला, आणि मेलेला माणूस अंडं खाताना बघून ओशाळून बाहेर गेला. मग तो निसरड्या पायऱ्यांवर राख टाकत बसला.

डेन्झिलला असा दिवस कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. “माझ्याबद्दल चांगलं बोलायला आलाच आहात, तर बोला,” तो म्हणाला. “ऐकायला मी आहे तोवर तरी.” आणि माणसं बोलली. खाणीत छत कोसळलं तेव्हा त्याने कुणाला कसं ओढून काढलं, लग्नात तो ट्वायलाऐवजी तिच्या बहिणीचाच हात धरून कसा निघाला होता. तो हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. ट्वायला दाराशी उभी राहून त्याच्या ओठांचा रंग बघत होती.

“पुरे आता. तुझा श्वास संपेल.”

“माझाच आहे ना? बस तू.”

गार्नेटच्या मनाला मात्र लागलं होतं. खोटी बातमी तिनेच सकाळी फोनवरून घरोघर दिली होती. आता तिने ट्वायलाच्याच फोनवरून ती एकेका घरातून परत घ्यायला सुरुवात केली. “नाही, नाही, जिवंत आहे, अंडी खातोय.” सगळ्यांना सांगून झालं. एकच फोन उचलला गेला नाही.

“आयसी मावशी उचलत नाही,” गार्नेट म्हणाली. “कोंबड्यांकडे गेली असेल.”

ट्वायलाचा हात खुंटीवरच्या कोटाकडे गेला. एवढ्या बर्फात आयसी मावशी कोंबड्यांकडे? फोन वाजताना ती कधी बाहेर असते? पहिल्या घंटीला उचलणारी बाई. वर जाऊन यायला कितीसा वेळ लागेल?

डेन्झिल तिच्याकडे बघत होता. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

“आज नको, ट्वायले,” तो हळू म्हणाला. “आज बस.”

ती बसली. त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून, हात मांडीवर, चर्चमध्ये बसल्यासारखी. टाच फरशीवर वाजायला लागली तेव्हा तिने दुसऱ्या पायाने ती दाबून धरली. आयसीचा फोन तिच्या डोक्यात वाजतच राहिला.

दुपारी माणसं पांगली आणि डेन्झिलचा श्वास बिघडला. आधी तो बोलायचा थांबला. मग खांदे वर-खाली व्हायला लागले, बोटं खुर्चीत रुतली, ओठ जांभळ्याचे निळे झाले. ट्वायलाने मशीन वाढवलं, बग्गीतली ऑक्सिजनची बाटली आणून मास्क तोंडावर धरला, पाठीत उशा घातल्या. हे सगळं तिने शंभर घरांत केलं होतं. आज मास्कचा पट्टा तिला लावता येईना. पायऱ्यांवरून आत आलेल्या रूडीने तो लावला.

“अँब्युलन्स चर्चपर्यंत येईल,” रूडी रेडिओवर बोलून म्हणाला. “वर नाही येणार. आपल्याला खाली न्यायला हवं.”

दोघांनी डेन्झिलला चादरीत उचलून हौद्यात निजवलं, अंगावर घरातली सगळी पांघरुणं घातली. ट्वायला सवयीने पुढे गेली, सुकाणूपाशी बसली, किल्ली फिरवली. मग तिने मागे वळून पाहिलं. सुकाणू धरलं तर डेन्झिलकडे पाठ. तीन मैल पाठ. डेन्झिल तिच्याकडेच बघत होता.

ती खाली उतरली.

“तू चालव,” ती रूडीला म्हणाली. “आणि कुठे आपटलास तर तुला पुरून टाकीन.”

रूडीने गाडी काढली. उशाशी उलटं बसल्यामुळे ट्वायलाला मागे पडणारा रस्ता तेवढा दिसत होता, पुढचा दिसत नव्हता. “आता डावीकडे! पूल आहे, मध्ये धर! खड्डा, खड्डा!” ती ओरडत होती आणि रूडी “हो, दिसतंय” म्हणत होता. गाडी इतकी हळू चालली होती की तिला उतरून ढकलावीशी वाटत होती. दुसऱ्या पुलापुढे कुणाचातरी ट्रक आडवा घसरून रस्ता अडवून बसला होता. रूडी थांबला, उतरला, चरातलं बर्फ पायाने चाचपलं, परत बसला आणि चाकामागून चाक ठेवत चरातून बग्गी काढली. आपण असतो तर उडी मारून गेलो असतो, असं ट्वायलाच्या मनात आलं. मग डेन्झिलकडे लक्ष गेलं. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ते हललंही नव्हतं.

त्याने पांघरुणातून हात काढून तिची हनुवटी स्वतःकडे वळवली. रस्त्याकडे नको, माझ्याकडे बघ, असं. तिने बघितलं. रोज बघत होती असं तिला वाटत होतं, पण तो इतका वाळला कधी हे तिला आज कळलं.

चर्चपाशी अँब्युलन्स उभी होती. त्यातली मुलगी आणि ड्रायव्हर यांनी डेन्झिलला आत घेतलं. मुलीने बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि ट्वायलापासून तोंड फिरवलं. त्या वेळी ट्वायलाच्या कमरेचा रेडिओ वाजला. ओकीचा आवाज होता.

“ट्वायला, कुठे आहेस? आयसी मावशीचं बोलावणं आहे. छातीत दुखतंय, घाम फुटलाय. सकाळपासून दुखतंय म्हणते. ट्वायलाच्या घरी मयत आहे, तिला कसा त्रास द्यायचा, म्हणून तुला फोन केला नाही, शेवटी आत्ता मला केला. घरातला फोनही तेवढ्यासाठी उचलत नव्हती, कुणीतरी मयताला चल म्हणेल आणि आपल्याच्याने तर उठवत नाही म्हणून. मी हमरस्त्यावरच्या अपघातात अडकलोय. तू जवळ आहेस का?”

सगळ्यांनी ऐकलं. अँब्युलन्सची मुलगी, रूडी, आणि आत डेन्झिल. बग्गी चालूच होती, दिवा फिरत होता. वर जायला तीच एक गाडी होती आणि छातीच्या दुखण्यात काय करायचं ते अनुभवाने ठाऊक असलेली ट्वायलाच एक. रूडी एकटा कधी गेला नव्हता.

ट्वायलाचा एक पाय अँब्युलन्सच्या पायरीवर होता, एक बर्फात. आपण सकाळीच गेलो असतो तर, हा विचार तिच्या काळजात सुरीसारखा फिरला. आयसी मावशी आपल्यामुळे गप्प बसली, आपल्या दारातल्या बग्गीमुळे. तिला बग्गीकडे धावायचं होतं. खरंच धावायचं होतं. सगळं अंग त्या बाजूला ओढत होतं. तिने आत पाहिलं.

डेन्झिलने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तो तिला अडवणार नव्हता. तिला जाणं सोपं जावं म्हणून त्याने मान वळवली होती, आणि ते ट्वायलाला सहन झालं नाही.

“रूडी,” ती म्हणाली, “माझी पिशवी घे. बाजूच्या खणात ॲस्पिरिन आहे, चावायला लाव, गिळायला नको. बसवून ठेव, झोपवू नकोस. मास्क लाव. ती शिव्या देईल, देऊ दे, शिव्या देतेय तोवर बरी आहे. रेडिओ चालू ठेव, मी आहे.”

“मी एकटा?”

“तूच आता खाली आणलंस ना? तसाच जा.”

दार लागलं. ट्वायला डेन्झिलच्या उशाशी बसली आणि तिने त्याचं तोंड भिंतीकडून स्वतःकडे वळवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तिचं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत रेडिओ बोलत होता. रूडी पहिल्या पुलावर. रूडी गार्नेटच्या घरापुढे. एका हाताने ट्वायला उत्तरं देत होती. दुसरा डेन्झिलच्या हातात होता. “तिच्या फाटकाची कडी वरून उघडते.” “कुत्रं भुंकेल, चावत नाही.” मग डोंगर आडवा आला आणि रेडिओतून नुसती खरखर यायला लागली.

“रूडी? रूडी, पोचलास का?”

खरखर.

“रूडी?”

डेन्झिलने तिचं मनगट जरासं दाबलं. तिने रेडिओ मांडीवर ठेवला. आता करण्यासारखं काही नव्हतं. गाडी दुसरा माणूस चालवत होता, औषध दुसरी मुलगी देत होती, आयसी मावशी दुसऱ्याच्या हाती होती. ट्वायला बसली. खिडकीतून बर्फाने वाकलेली झाडं जात होती. तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. लग्नात आपल्या बहिणीचा हात का धरलास, हे इतक्या वर्षांत तिने विचारलंच नव्हतं. ते तिने आता विचारलं. डेन्झिलने मास्क बोटाने थोडा उचलला.

“घाबरलो होतो,” तो म्हणाला. “दिसलंच नाही मला काही.”

ती हसली आणि रडली. त्याने मास्क सोडला. डोळे मिटले. चढावर गाडी हळू झाली तेव्हा त्याचा श्वास लांबत गेला, मग दोन श्वासांच्या मध्ये जागा पडायला लागली, आणि एकदा ती जागा भरलीच नाही. मुलगी पुढे झाली. पण नळ्या घालू नका, छाती दाबू नका, हे डेन्झिलने डॉक्टरला कधीच बजावून ठेवलं होतं आणि ट्वायलाने नकारार्थी मान हलवली. मुलीने हात मागे घेतले.

गाडी डोंगराच्या माथ्यावर आली. तिथून दोन्हीकडची खोरी दिसतात. रेडिओ एकदम बोलायला लागला.

“ट्वायला? ऐकू येतंय का? मी पोचलो. तिला गोळी दिली, मास्क लावला. रंग परत आलाय. मला म्हणते, तू पावसाळी गोगलगाय आहेस. दुसरी अँब्युलन्स चर्चपाशी येतेय, मी हिला घेऊन निघतोय.” मागे आयसी मावशीचा करकरीत आवाज होता, नीट ऐकू येत नव्हता. “ट्वायला, मी हिला सांगितलं की डेन्झिल जिवंत आहे, सकाळची बातमी खोटी होती. तर आता सारखी विचारतेय, तो कसा आहे म्हणून. काय सांगू?”

ट्वायलाने बटण दाबलं. डेन्झिलची बोटं अजून तिच्या मनगटाभोवती होती आणि ती तिने सोडवली नाहीत.

“सांग तिला,” ती म्हणाली, “मी त्याच्याजवळ बसलेय.”